अर्धी बादली समुद्र

धनराज ढोमसे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला तो बायकोसाठी. बायको नव्हती. ती यायची होती, म्हणून फ्लॅट आधी आला.

आमच्याकडे हे आता सर्रास चालतं. निफाडकडे कितीही मोठी द्राक्षबाग असू द्या, मुलीचे वडील पहिला प्रश्न विचारतात तो नाशकात फ्लॅट आहे का हाच. बाग हवी, पण बागेत राहायला मुलगी द्यायची नाही. धनराजच्या वडिलांनी, खंडेरावांनी, हे सहा-सात ठिकाणी ऐकून घेतलं आणि शेवटी हिरावाडीत आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन मुलाला त्यात आणून ठेवलं. दिंडोरी रोडवरच्या शेतीऔषधांच्या दुकानात त्याला कामही मिळालं. बाग धाकटा योगेश बघायचा. त्याचं लग्न तोवर होऊन त्याला दोन मुलंही झालेली. धाकट्याचं आधी उरकलं की थोरल्याकडे लोक कसे बघतात, ते मी वेगळं सांगायला नको.

मी समोरच राहते. माझं नाव मनीषा, पण सगळे बाईच म्हणतात, कारण महापालिकेच्या शाळेत मी सदतीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवला. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही. जीभ तिखट आहे, हे मला ठाऊक आहे आणि बिल्डिंगलाही. माझ्या वर्गाचा नियम एकच होता, ज्यानं चूक केली त्यानं स्वतः उभं राहायचं. मी टेबलाशी हाताची घडी घालून गप्प बसायची. पाच मिनिटं जायची, दहा जायची, शेवटी कुणीतरी मान खाली घालून उभं राहायचंच. या नियमाचा मला फार अभिमान होता.

धनराजच्या हॉलमधला माशांचा टँक आला तोही बायकोसाठीच. पाहुणे घर बघायला आल्या आल्या खूश झाले पाहिजेत, असं कुणीतरी खंडेरावांच्या डोक्यात भरवलं होतं. मग सोफ्यासमोर साडेतीन फुटांची काचेची पेटी बसली, खाऱ्या पाण्याची. खाऱ्या पाण्यातले मासे जास्त रंगीत असतात, असं दुकानदारानं सांगितलं म्हणे. खाली पांढरी वाळू, मधे गुलाबी आणि जांभळी प्लास्टिकची झुडपं, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि एक निळा, तो महाभांडखोर. धनराजला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दिवा कुठे लावायचा तेवढं माहीत होतं, आणि तो पाहुणे यायच्या आधी पाच मिनिटं लावायचा.

पाहुणे यायचे त्या दिवशी पोहे माझ्याकडून जायचे. घरात बाईमाणूस नाही हे उघडं पडू नये म्हणून खंडेराव मला मुद्दाम बोलवायचे, आणि मी सोफ्याच्या कडेला मुलाची मावशी असल्यासारखी बसायची. चार वर्षांत अकरा ठिकाणचे पाहुणे आले. मासे सगळ्यांना आवडले. एका मुलीच्या वडिलांनी काचेवर टिचकी मारून विचारलं, हे खातात का. एका आईनं जाताना माशांचा फोटो काढून नेला, मुलाचा मागितला नाही. मग दोन दिवसांनी फोन यायचा, पत्रिका जुळत नाही म्हणून. मुलगा दुसऱ्याच्या दुकानात कामाला आहे, हे तोंडावर कोण बोलणार. पंचवटीतल्या एका गुरुजींनी मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घालायला सांगितली, ती त्यानं निमूट घातली. चाळिशी उलटली तसे पाहुणे यायचे बंद झाले. खंडेरावही मग फारसे येईनात. त्यांना त्या हॉलमध्ये बसवत नसावं.

रोज संध्याकाळी साडेसातला धनराज कामावरून यायचा. अंगाला औषधांचा वास, खांद्यावर डब्याची पिशवी. स्वतःचं दार उघडायच्या आधी तो माझ्या दारात उभा राहायचा आणि पेलाभर पाणी प्यायचा. माझ्याकडे तांब्याचा हंडा आहे, जुन्या नाशकातल्या तांबट लेनमधून माझ्या आईनं लग्नात करून दिलेला. घरात फिल्टर आहे, पण फिल्टरचं पाणी मी हंड्यात भरते, रात्रभर ठेवते आणि मग पिते. हंडा चिंच लावून घासते, असा की त्यात तोंड दिसावं. तांब्यातल्या पाण्यासारखं शुद्ध जगात काही नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. लोक मला जिन्यात चुकवतात त्याचं हेही एक कारण असेल. धनराज मात्र रोज ऐकायचा आणि रोज प्यायचा.

मग दहा मिनिटं तो चौकटीला टेकून कुठल्या गावात बागेवर काय रोग आलाय ते सांगायचा. मला द्राक्षातलं काही कळत नाही, पण मी प्रश्न विचारायची. त्या दहा मिनिटांखेरीज दिवसभरात माझ्याशी कुणी बोलत नसे. त्याच्याशीही गिऱ्हाइकाशिवाय कुणी बोलत नसावं. हे आम्ही एकमेकांना कधी सांगितलं नाही.

मागच्या जानेवारीतल्या एका रविवारी त्यानं मला घरात बोलावलं. प्लास्टिकची सगळी झुडपं उपटून बादलीत टाकली होती. त्यांच्यावर हिरवं शेवाळ चढलेलं, वास येत होता. उघड्या वाळूवर तीन मासे बावरल्यासारखे फिरत होते.

"हे समदं दाखवायचं व्हतं, बाई," तो म्हणाला. "आता माझ्यापुरतं करतो."

त्याला त्या पेटीत जिवंत प्रवाळ वाढवायचं होतं. वर्षभर तो फोनवर तेच बघत बसलेला. पोवळं मला अंगठीतलंच ठाऊक. मी हसले. म्हटलं, बोटातल्या पोवळ्यानं काही दिलं नाही, आता पाण्यातलं काय देणार? तोही हसला. मग त्यानं ती अंगठी काढली आणि टीव्हीखालच्या खणात टाकली. म्हणाला, आता रोज हात पाण्यात जाणार, आणि या पाण्यात कसलाही धातू गेलेला चालत नाही. हे त्यानं मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तो बागाईतदाराचा मुलगा, तेव्हा त्यानं ते काम बागेसारखंच केलं. फवारणीची ठेवतात तशी वही घातली. मासे कसल्याही पाण्यात दिवस काढतात, प्रवाळाचं तसं नाही, त्याला पाणी स्वच्छ आणि रोज सारखं लागतं. म्हणून दर रविवारी तो थोडं जुनं पाणी काढायचा आणि मीठ कालवलेलं नवं घालायचा. पांढरा दिवा जाऊन निळसर आला. पाणी हलतं राहावं म्हणून छोटा पंप बसला. भोकाभोकांचे दगड आले आणि तो ते पूजा मांडल्यासारखे तासभर मांडत बसला. मोरीजवळ त्यानं वेगळा फिल्टर बसवला आणि त्याचं पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवू लागला. मी विचारलं, खाऱ्या माशांना गोडं पाणी कशाला? तेव्हा त्यानं मला चौथीतल्या मुलासारखं समजावलं.

"मीठ उडत नाय, बाई. पानीच उडतं."

जेवढं वाफ होऊन उडालं तेवढं गोडं पाणी रोज सकाळी घालायचं. काचेवर त्यानं लाल चिकटपट्टीची रेघ लावली होती, पाणी तिथपर्यंत.

मग तो नुसता थांबला. तीन महिने रिकाम्या दगडांकडे बघत बसला. मी म्हणायची, अरे, एवढ्यात तुझं लग्न झालं असतं. एप्रिलमध्ये शेवाळ खायला सहा गोगलगायी आल्या. ऑगस्टमध्ये तो मुंबईला जाऊन सुपारीएवढा दगडाचा तुकडा घेऊन आला, त्यावर सात मिटलेले ठिपके. पोलीस धरतील का, असं मी दोनदा विचारलं आणि त्यानं दोनदा सांगितलं की कडक प्रवाळाला कायद्यानं बंदी आहे, हे मऊ जातीचं आहे, हे चालतं. दोन दिवस ते ठिपके तसेच मिटलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यानं माझी बेल वाजवली.

"डोळे फुटले, बाई."

छाटणीनंतर वेलीला कोंब येतात त्याला निफाडकडे डोळे फुटले म्हणतात. मी चहा टाकून तशीच गेले. शर्टाच्या गुंडीएवढी सात फुलं उघडली होती, मधे हिरवी, कडेला नारिंगी झालर. धनराज पेटीपुढे उकिडवा बसलेला. अकरा वेळा मी त्या हॉलमध्ये त्याच्या शेजारी बसले होते, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. योगेश त्याला दर आठवड्याला गावी परत ये म्हणायचा. त्या सकाळी तो स्वतःहून म्हणाला, हे जगलं तर मी इथंच राहीन, हे घर आता माझं वाटायला लागलंय. घरी येऊन बघते तर चहा उतू गेला होता.

दसऱ्यापर्यंत साताचे बारा झाले. शंभर झाले की एक तुकडा तुम्हाला देईन, असं तो म्हणाला.

ऑक्टोबरची छाटणी उरकली आणि खंडेरावांना अर्धांगाचा झटका आला. धनराज रविवारी सकाळी निघाला. मला किल्ली दिली, भिंतीवर कागद चिकटवला. माशांना चिमूटभर खाणं सकाळी एकदा, दिवा दहाला लावायचा आणि सहाला घालवायचा, पाणी फक्त फिल्टरचं, रेघेपर्यंत. दोन-तीन दिवसांत येतो म्हणाला, त्या बेतानं कॅन भरून ठेवले होते. बुधवारी खंडेराव गेले. म्हणजे आता तेरावा होईपर्यंत तो यायचा नाही.

शनिवारी कॅन संपले. ज्याचा बाप गेलाय त्याला फोन करून पाणी कुठलं घालू असं विचारायला मला जमेना. त्याचा फिल्टर कसा चालू करतात ते माहीत नव्हतं, पण फिल्टरचं पाणी माझ्याही घरात होतंच. कागदावर तेच लिहिलं होतं. माझ्या घरात फिल्टरचं पाणी पहिल्यांदा हंड्यात जातं, हे मला इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात वेगळं काही आहे असं मनातसुद्धा आलं नाही. उलट मी रोज हंडा चिंचेनं जास्तच घासला. दुसऱ्याचे जीव आपल्यावर सोपवलेत, त्यांना आपण पितो त्यातलं चांगलं द्यावं, एवढंच डोक्यात. कमरेवर हंडा घेऊन मी रोज सकाळी त्याच्या हॉलमध्ये जायची, टँकशेजारी टेकवायची आणि पेल्यानं पाणी घालायची. नऊ दिवस. खरं सांगायचं तर ते नऊ दिवस मी खुशीत होते. मला रोज कुठेतरी जायचं होतं.

सातव्या दिवशी एक गोगलगाय उताणी पडलेली दिसली. मी हात घालून सरळ केली. दुसऱ्या दिवशी तीन पडल्या. फुलं मिटली होती, ती दिवा लावला तरी उघडेनात. मासे मजेत फिरत होते, म्हणून मी म्हटलं, ढगाळ हवा आहे, उघडतील.

तो आला तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि नखांत निळं होतं. बागेवर डावणीची बुरशी आली की मोरचूद आणि चुना कालवून मारतात, आणि डावणी काही सुतक बघून येत नाही. दहावा झाला त्या दुपारीच दोघे भाऊ बागेत उतरले होते. पिशवी खाली ठेवून तो पेटीपुढे बसला. किती वेळ बसला ते मी बघितलं नाही, मी पोहे करायला घरी आले. कुणी बसायचं नव्हतं त्या सोफ्यावर, पण मी पोहे केले.

दोन दिवसांनी तो माझ्या दारात आला. हातात पाणी तपासायची छोटी काचेची नळी, तिच्यात पाण्याला रंग आलेला.

"पान्यात तांबं आलंय, बाई," तो म्हणाला. "माझ्याच हाताचं आसंल. मोरचुदाचे हात."

पुढे त्यानं सांगितलं की मोरचुदात तांबंच असतं, आणि तांबं माशांना सोसतं, त्यांना तर ते औषध म्हणूनही देतात. पण गोगलगायी आणि प्रवाळ त्यानं मरतात, अगदी थोडं असलं तरी. तो सांगत होता आणि माझ्या मागे स्वयंपाकघरात ओट्यावर हंडा लखलखत होता. मी पेला भरून त्याच्या हातात दिला. तो प्यायला.

तो तेरावा उरकून चौदाव्या दिवशी आला आणि गोगलगाय त्याआधीच उताणी पडली. त्याचे हात पाण्यात जाण्याच्या आधी. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलानं हे गणित सोडवलं असतं. मी ते सोडवलं नाही, कारण उत्तर माझ्या ओट्यावर होतं. मी त्याला म्हटलं, जाऊ दे, होतं असं कधीकधी. सदतीस वर्षं ज्या बाईनं पोरांना उभं केलं, ती बाई चौकट धरून हे वाक्य बोलली. मला तेव्हा स्वतःची लाज वाटली आणि तरीही मी गप्प राहिले. भीती एकच होती. याला कळलं तर हा उद्या पाणी प्यायला थांबायचा नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी त्याच्या दारामागून बादल्यांचा आवाज ऐकला. तांबं दगडात मुरतं म्हणे, एकदा पाणी बदलून भागत नाही. रोज कामावरून आल्यावर तो चार-पाच बादल्या पाणी काढायचा, मोरीत ओतायचा, मीठ कालवायचा, पुन्हा भरायचा. तांबं शोषायला कोळशाच्या पुड्या टाकायचा. गोगलगायी सगळ्या गेल्या होत्या. बारा फुलांतली पाच-सहा गळून पडली, बाकीची मिटून राहिली. तरी साडेसातला तो माझ्या दारात थांबायचाच. पाणी प्यायचा, पेला परत द्यायचा आणि पूर्वी कधी न विचारलेलं विचारायचा, आणखी काय म्हणता, बाई? मी म्हणायची, काही नाही रे. तो थोडा वेळ तसाच उभा राहायचा आणि मग जायचा. मला वाटायचं, दमलाय.

हंडा लपवावा असं दोनदा मनात आलं. पण लपवला तर त्याला कळेल, म्हणून नाही लपवला. माणूस एकदा खोटं वागायला लागला की किती हुशार होतो बघा.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा एका संध्याकाळी पाणी पिऊन झाल्यावर त्यानं सांगितलं की योगेशला शब्द दिला. बाप गेला, मोसम तोंडावर आहे, एकट्याला बाग झेपत नाही. नोकरी सोडली. एक तारखेला गावी जातो, पुन्हा यायचं की नाही ते मार्चनंतर बघू. मासे कुणाला तरी देऊन टाकीन म्हणाला. मी विचारलं, आणि ती फुलं? तो म्हणाला, ती काय, मिटलेलीच आहेत.

तो त्याच्या घरात गेला. मी ओट्यापाशी थांबले, हंडा पालथा करून पाणी मोरीत ओतून दिलं आणि रिकामा हंडा उचलून त्याच्या हॉलमध्ये नेला. टँकशेजारी ठेवला, जिथे ते नऊ दिवस ठेवत होते तिथेच. बसले नाही.

"मी केलं, धनराज," मी म्हटलं. "कॅन संपल्यावर यातलं घातलं. नऊ दिवस."

गमवायला काही उरलं नाही तेव्हा मी हे बोलले. यात कसला मोठेपणा.

तो हंड्याकडे बघत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाला कसं उत्तर द्यायचं ते मला येतं.

"मला माहीत व्हतं, बाई."

आला त्याच दिवशी त्याला कळलं होतं. पांढऱ्या फरशीवर पाण्याचा गोल डाग वाळलेला होता, हंड्याच्या बुडाएवढा, कडेला हिरवट. एवढं मोठं बूड बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुठल्या भांड्याला आहे? मी विचारलं, मग तुझ्या हाताचं का म्हणालास? त्यावर त्यानं जे सांगितलं ते मी अजून विसरू शकत नाही. तो म्हणाला, आमच्या गावाकडं आसंच करत्यात. कुणाचं काय चुकलं तर त्याला तोंडावर म्हणत नाहीत. आपण म्हणायचं माझं चुकलं, म्हणजे समोरचा म्हणतो, नाही रे बाबा, माझं. मग दोघांचंही हलकं होतं. त्यानं त्याचं म्हणून टाकलं होतं आणि रोज माझ्या दारात तो माझं ऐकायला थांबत होता. माझ्या वर्गात मुलं उभी राहायची, कारण मी समोर दगडासारखी बसायची. हा स्वतः आधी उभा राहिला होता, आणि तरीही मी बसूनच राहिले.

"तुमी सांगितलं आसतं ना, बाई," तो म्हणाला, "तर दोघांनी मिळून पानी बदललं आसतं. एकट्याला बादली लय जड जाती."

मी रडले. त्यानं मला सोफ्यावर बसवलं आणि पाणी आणून दिलं, प्लास्टिकच्या कॅनमधलं. जाऊ नकोस, असं मी म्हणू शकले नाही. तो हक्क माझ्याकडे राहिला नव्हता. एवढंच म्हटलं की मासे कुणाला देऊ नकोस, किल्ली माझ्याकडे दे. तो थांबला. तेवढ्या वेळात मी किती वेळा ओशाळले ते माझं मला ठाऊक. मग त्यानं किल्ली काढून दिली.

जायच्या दिवशी त्यानं भिंतीवर नवा कागद लावला. फिल्टर कसा चालू करायचा, मीठ किती, काढायच्या बादल्या कुठल्या आणि भरायच्या कुठल्या, सगळं सुवाच्य अक्षरात. तांब्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. तो मी तीनदा शोधला.

आता हंडा माळ्यावर आहे. दर रविवारी आणि बुधवारी मी समोरचं दार उघडते आणि पाणी बदलते. एकसष्ट वर्षांची बाई, भरलेली बादली मोरीपासून हॉलपर्यंत नेताना मधे दोनदा टेकवावी लागते. दुसरं टोक धरायला कुणी नाही, तेव्हा त्याचं वाक्य आठवतं. साडेसातला जिन्यात पावलं वाजतात ती चौथ्या मजल्यावर जातात. मी दार किलकिलं ठेवते ते ठेवतेच, सवय आहे.

परवा सकाळी दिवा लावला तेव्हा दगडाच्या कडेला एक फूल उघडलेलं दिसलं. एकच, लहान. मी लगेच फोन लावला. मागे फवारणीच्या पंपाचा आवाज होता, तो ओरडून बोलत होता. म्हटलं, डोळा फुटला. किती, विचारलं त्यानं. एक, मी म्हटलं. पंप बंद झाला. मग त्यानं विचारलं, बादली कोण उचलतं? मीच की, दुसरं कोण आहे इथे, असं मी माझ्या नेहमीच्या तिखट आवाजात म्हणायला गेले, पण म्हणाले ते एवढंच, मधे दोनदा टेकवते.

"आर्धीच भरत जा, बाई," तो म्हणाला.

तेव्हापासून मी अर्धीच भरते. खेपा दुप्पट होतात, पण मला दुसरं काम तरी काय आहे.